तिकिटांच्या दंतवैद्यांस अनावृत पत्र

परमादरणीय दंतवैद्य महाराज यांस,



आपलं खरं नाव मला ठाऊक नाही. कोल्हापुरातल्या टपाल तिकिटांच्या एका प्रदर्शनात, सभागृहाच्या कोपऱ्यातल्या टेबलामागे आपण बसला होतात, एवढंच कळलं. आपण पावती देत नाही, त्यामुळे नावापर्यंत पोहोचायची वाट आपणच बंद करून ठेवली आहे. म्हणून हे पत्र उघड्यावर लिहितो आहे. आपल्यापर्यंत पोहोचलं तर उत्तमच. नाही पोहोचलं तरी आपल्या पुढच्या गिऱ्हाइकाच्या हाती पडलं, की माझं काम झालं.

प्रथम आभार मानतो. आमच्या गल्लीतली सहावीतली एक मुलगी वाढदिवसाला मिळालेले साडेतीनशे रुपये मुठीत घेऊन आपल्या टेबलाशी आली. आपण तिला ‘ये बाळ’ म्हणालात, बसायला खुर्ची दिलीत. मोठ्या गिऱ्हाइकांच्या गर्दीत एका पोरीची एवढी विचारपूस हल्ली कोण करतं? आपण केलीत, आणि तिच्यासाठी खास पाकिटातून एक तिकीट बाहेर काढलंत.

छत्रपती शाहू महाराजांचं तिकीट. १९७९ सालचं, २५ पैशांचं. चारी कडा सरळ, दाता एकही नाही. ‘नाशिकच्या छापखान्याची चूक आहे. छिद्रं पाडायचीच राहून गेली. असलं पुन्हा मिळायचं नाही,’ असं आपण तिला सांगितलंत. कोल्हापूरच्या मुलीला, कोल्हापुरात बसून, शाहू महाराजांच्याच तिकिटावर फसवायचं! ज्या राजाने गोरगरिबांच्या पोरांनी शिकावं म्हणून या गावात वसतिगृहं उभी केली, त्याच्या चित्रावर एका शाळकरी पोरीचा खाऊचा पैसा काढून घ्यायचा, हे सुचायला मन फार घट्ट लागतं. आपलं आहे. मान्य करतो.

दर रविवारी सकाळी आमच्या घरी सहा-सात मुलं तिकिटं घेऊन बसतात. त्या रविवारी ती मुलगी सगळ्यांत आधी आली. तिकीट तिने वहीत ठेवलं नव्हतं. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून, वर रबर लावून आणलं होतं. ‘काका, हे एरर आहे,’ ती म्हणाली. तिचा चेहरा आपण पाहायला हवा होतात.

गुजरीतल्या एका सराफाने मला फार पूर्वी स्वतःचं जुनं भिंग दिलं होतं. दहापट मोठं दाखवणारं. सोन्यावरचा डाग शोधणारं ते भिंग मी शाहू महाराजांच्या तिकिटावर धरलं. वरची कड साफ. उजवी साफ. खालची साफ. डाव्या कडेला, खालच्या कोपऱ्यापासून थोडं वर, कागदात दोन उथळ खोबणी दिसल्या. नखाच्या बुडाशी पांढरी कोर असते ना, तशा; एकीशेजारी एक, सारख्या अंतरावर. त्या छिद्रांच्या उरलेल्या कडा होत्या. आपली कात्री तेवढ्या जागी केसभर बाहेरून गेली होती.

मग मी वहीतलं त्याच तिकिटाचं साधं, दात्यांचं भावंड काढून शेजारी ठेवलं आणि पट्टी लावली. आपलं ‘दुर्मीळ’ तिकीट रुंदीला मिलिमीटरभर कमी आणि उंचीलाही तेवढंच कमी भरलं. छिद्रं पाडायचीच राहिली असती, तर कागद कमी कशाने झाला असता? उलट छिद्रात जाणारा कागदही शाबूत राहिला असता. छापखान्याच्या विसरभोळेपणाने तिकीट लहान होत नाही. लहान होतं ते कात्रीने.

महाराज, आपल्या कात्रीचा इतिहासही मुलांना सांगावा लागला, त्याबद्दलही ऋणी आहे. इंग्लंडात १८४० साली जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट निघालं, पेनी ब्लॅक. त्याला छिद्रं नव्हती. आपल्या उपखंडातलं, किंबहुना आशियातलं पहिलं, १८५२ सालचं सिंध डाक, त्यालाही नव्हती. पोस्टातला कारकून हातात कात्री घेऊन दिवसभर तिकिटं कापत बसायचा. एखादं वाकडं जायचं, एखादं अर्धं. हेन्री आर्चर नावाच्या माणसाने ती कात्री सुटावी म्हणून छिद्रं पाडणाऱ्या यंत्रावर वर्षानुवर्षं खटपट केली. १८५३ साली सरकारने ४,००० पौंड मोजून त्याचं पेटंट घेतलं आणि १८५४ पासून इंग्लंडची तिकिटं दातेरी निघू लागली. ज्या कात्रीपासून आर्चरने जगातल्या कारकुनांना सोडवलं, ती आपण पावणेदोनशे वर्षांनी पुन्हा हातात घेतलीत. तो कारकून निदान सरळ कापायचा प्रयत्न तरी करायचा, आणि गिऱ्हाइकाला खरंच तिकीट द्यायचा.

आपल्या हातात नुसती कात्री नाही, छिद्रं पाडायची सुईही आहे, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. एस.टी.तून निवृत्त झालेले माझे एक स्नेही आपल्याच टेबलावरून एक तिकीट घेऊन आले. १९७९पासून पुढे निघालेल्या, शेती आणि तंत्रज्ञानाची चित्रं असलेल्या नेहमीच्या वापराच्या मालिकेतलं. लिफाफ्यांवर आपण सगळ्यांनी ही तिकिटं पाहिली आहेत. पसाभर घेतली तरी चहाच्या पैशांत येतात. पण या मालिकेतली काही तिकिटं छिद्रांच्या एकाहून अधिक मापांत निघाली, आणि त्यांतलं एखादं माप कमी मिळतं. आपण स्नेह्यांना ते ‘कमी मिळणारं माप’ चारशे रुपयांना दिलंत.

हे माप काय असतं तेही इथे सांगतो, कारण आपण गिऱ्हाइकाला सांगत नाही. पॅरिसच्या डॉ. लेग्राँ यांनी १८६६ साली एक साधा नियम घालून दिला: दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं बसतात, ते मोजायचं. चौदा बसली तर माप १४, तेरा बसली तर १३. आज जगभर हाच हिशोब चालतो. चौदाच्या मापात एका छिद्रापासून दुसरं साधारण १.४३ मिलिमीटरवर येतं, तेराच्या मापात १.५४ मिलिमीटरवर. फरक मिलिमीटरच्या नवव्या हिश्शाएवढा. डोळ्यांना दिसत नाही, पण छिद्रमापकाच्या पट्टीवर तिकीट सरकवलं की लगेच समजतं. या नवव्या हिश्शात आपण आपला संसार थाटला आहे.

स्नेह्यांच्या तिकिटावरचं आपलं काम मात्र भिंगाखाली टिकलं नाही. खरं तिकीट तिकिटांच्या तावातून फाडून वेगळं केलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक दात्याच्या टोकाला कागदाची बारीक लव राहते, कापसाच्या वातीसारखी. आपल्या दात्यांची टोकं सुरीने कापल्यासारखी सपाट होती. खऱ्या तिकिटाच्या छिद्रांत चाळीस वर्षांची धूळ आणि हाताळणी मुरलेली असते. आपल्या एका बाजूची छिद्रं आतून पांढरीशुभ्र, जणू काल पाडलेली. यंत्राचा कंगवा एका दणक्यात डावी-उजवी छिद्रं पाडतो, म्हणून ती समोरासमोर येतात. आपली डावीकडची उजवीकडच्यांपेक्षा अर्ध्या छिद्राने वर होती. आणि नवी छिद्रं पाडायची म्हणजे आधी जुने दाते छाटावे लागतात, म्हणून हेही तिकीट आपल्या भावंडांपेक्षा अरुंद झालं होतं. चार साक्षीदार, चौघांचीही साक्ष एकच.

मागच्या बाजूला आपण नवा डिंकही लावला होतात, न वापरलेलं, ‘मिंट’ दिसावं म्हणून. त्या कष्टाबद्दल आपला सत्कारच व्हायला हवा. फक्त एक गोष्ट राहून गेली. छापखान्यात डिंक आधी लागतो आणि छिद्रं सगळ्यांत शेवटी पडतात. म्हणून खऱ्या तिकिटाच्या छिद्रांच्या कडा कोरड्या आणि मऊ असतात. मागाहून ब्रशने डिंक लावला की तो छिद्रांत उतरतो, दात्यांच्या लवेवर चढतो आणि वाळून कडक होतो. स्नेह्यांनी तिकिटाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘टोचतंय की हे.’

आपली खरी हुशारी मात्र कात्रीत नाही, सुईतही नाही. ती किमतीत आहे, आणि मनापासून सांगतो, तिला मला दाद देववत नाही.

गांधीजींची १९४८ सालची तिकिटं घ्या. स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए छापखान्यात छापलेली, ११½ मापाच्या छिद्रांची. त्यांतल्या दहा रुपयांच्या ‘सर्व्हिस’ शिक्क्याच्या चार तिकिटांची पट्टी २०१७ साली पाच लाख पौंडांना विकली गेली. अशा तिकिटाला हात लावायचं धाडस आपण करणार नाही. तिथे तज्ज्ञ बसलेले असतात, प्रमाणपत्रं असतात, लिलावगृहाची अब्रू पणाला लागलेली असते. त्या तिकिटाला पहारा आहे. पंचवीस पैशांच्या तिकिटाला कोण पहारा देणार? साडेतीनशे रुपयांच्या तिकिटाचं प्रमाणपत्र मागवायचं तर फी आणि टपालखर्चच तिकिटापेक्षा जड होतो. म्हणून कोणी मागवत नाही. आपण ते पक्कं ओळखून आहात. आपलं गिऱ्हाईक शाळेतलं पोर असतं किंवा पेन्शनीतला म्हातारा. एकाला कळत नाही, दुसऱ्याला दिसत नाही.

हा आपला एकट्याचा शोध नव्हे, हेही नम्रपणे कळवतो. अमेरिकेत १९०८ ते १९२२ या काळातली वॉशिंग्टन आणि फ्रँकलिन यांच्या चेहऱ्यांची साधी तिकिटं आहेत. तेच चित्र, तेच रंग. फरक मुख्यतः छिद्रांच्या मापाचा आणि छपाईच्या पद्धतीचा. त्यांत एक सेंटचं हिरवं तिकीट रद्दीच्या भावाने मिळतं आणि त्याचंच एखादं भावंड फार मोलाचं असतं. दोन बाजूंचे दाते कापून ‘गुंडाळीतलं तिकीट’ म्हणून विकणाऱ्यांनी तिथे पिढ्यान्‌पिढ्या लोकांना नाडलं. तिथल्या संग्राहकांनी त्यावर उपाय म्हणून आपल्या मुलांच्या हातात पट्टी आणि छिद्रमापक दिला. आम्हीही आता तेच करतो आहोत.

आपण म्हणाल, ‘मी बनावट तिकीट छापलं नाही.’ अगदी बरोबर. जुन्या भारतीय दंडसंहितेच्या २६३-अ कलमात बनावट टपाल तिकिटाला २०० रुपयांपर्यंत दंड होता. तेवढी रक्कम तर आपण एका पोरीकडून एका टेबलावर वसूल केलीत, वर दीडशे रुपये नफा. आपण खोटं तिकीट छापलं नाहीत. आपण खऱ्या तिकिटाला खोटं बोलायला लावलंत. माझ्या दृष्टीने हे जास्त वाईट आहे. नाशिकच्या छापखान्यातून सरळ, धडधाकट निघालेलं, पंचेचाळीसहून जास्त वर्षं कुणीतरी जपलेलं एक प्रामाणिक तिकीट होतं. कुठल्याही वहीत मानाने बसलं असतं. आपण त्याचे दाते पाडलेत आणि त्याला कायमचं निकामी केलंत. आता ते साधं म्हणूनही विकता येत नाही आणि दुर्मीळ तर ते कधीच नव्हतं.

सीमेपलीकडच्या खानापूरचा तेलगी बनावट मुद्रांकांसाठी मोठी यंत्रं घेऊन बसला. त्याचा व्याप एवढा होता की सरकार हाललं, खटले चालले, त्याला ३० वर्षांची सक्तमजुरी झाली. आपला व्याप कंपासपेटीत मावणारा. म्हणून पोलीस ठाण्यात कोणी जात नाही, वकील कोणी लावत नाही. साडेतीनशे रुपयांची फिर्याद घेऊन सहावीतली मुलगी कुठे जाणार? आपली सगळी सुरक्षितता त्या मुलीच्या लहानपणात आहे.

आपण कोल्हापुरात दुकान मांडलंत, याचं मला विशेष वाटतं. हे गाव मालाची पारख करणारं आहे. चप्पल हातात आली की आमचा माणूस ती उलटी करून शिवण बघतो. चामड्याच्या वादीने शिवली आहे की खिळा ठोकला आहे, हे पाहिल्याशिवाय भाव विचारत नाही. त्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा खरं-खोटं वेगळं झालं म्हणून सगळ्या गावाला आनंद झाला. सोनं घेताना आम्ही कसोटी लावतो, गूळ घेताना खडा फोडून बघतो, तालमीत पोरगा धरताना त्याची छाती आणि मांड्या बघतो. तिकीट मात्र इतकं लहान, इतकं साधं, की ते उलटं करून बघायची आम्हाला सवय नव्हती. ती सवय आपण लावलीत, याबद्दल मात्र खरोखर आभार.

आता त्या रविवारचं राहिलेलं सांगतो. मी भिंग मुलीच्या हातात दिलं आणि डाव्या कडेच्या त्या दोन कोरी तिला दाखवल्या. ती बराच वेळ बघत राहिली. रडली नाही. मग तिने आपली वही पुढे ओढली, पहिल्या पानापासून एकेक तिकीट बघायला लागली आणि विचारलं, ‘काका, मग बाकीची पण खोटीच असतील काय?’

महाराज, साडेतीनशे रुपये ती विसरेल. हा प्रश्न आपण तिच्या डोक्यात घातलात, तो मी विसरणार नाही. दोन वर्षं तिने लिफाफ्यांवरची तिकिटं कोमट पाण्यात सोडवून, वर्तमानपत्राच्या घडीत वाळवून जमवली होती. त्यातलं एकही खोटं नव्हतं. तरी त्या सकाळी तिला प्रत्येकावर संशय आला. संग्रह विश्वासावर चालतो. आज अकरा-बारा वर्षांच्या पोराचा विश्वास तुटला, तर उद्या ते वही कपाटात टाकून मोकळं होतं, आणि जुन्या पत्रांचा, जुन्या शहरांचा, जुन्या माणसांचा जो नाद त्याला लागला असता, तो कायमचा जातो. आपण तीन-चारशे रुपयांसाठी हे करता.

आपल्याकडे एवढीच विनवणी आहे. तो माल तसाच विकायचा असेल तर पाकिटावर ‘कापलेलं’ असं स्वच्छ लिहा आणि पाच रुपयांना द्या. रिकामी जागा भरायला पुष्कळ मुलं आनंदाने घेतील, मीही घेईन. नाहीतर कात्री आणि सुई घरी ठेवा. आणि त्या मुलीचे साडेतीनशे रुपये परत करा. कुणाला न सांगता केलेत तरी चालेल.

वाचकहो, आता तुम्हाला. पुढच्या प्रदर्शनात किंवा बाजारात कुणी ‘छिद्रं नसलेलं दुर्मीळ तिकीट’ म्हणून एकटं तिकीट पुढे केलं तर घेऊ नका. बिनछिद्री तिकीट जोडीनेच घ्या. दोन तिकिटांच्या मधला अखंड कागद कुठल्याही कात्रीला तयार करता येत नाही. छिद्रांच्या वेगळ्या मापाचं तिकीट असेल तर तेच साधं तिकीट सोबत ठेवून रुंदी मोजा. दात्यांच्या टोकांवर लव आहे का, छिद्रांच्या आत जुना मळ आहे का, मागचा डिंक टोचतो का, ते बघा. पावतीवर तिकिटाचं वर्णन लिहून मागा; जो देत नाही, त्याच्यापुढून उठा. आणि मुलाला पहिली वही घ्याल तेव्हा तिच्यासोबत दहा सेंटिमीटरची पट्टी, छिद्रमापक आणि एक भिंग घेऊन द्या. तिन्हींची मिळून किंमत एका फसवणुकीपेक्षा कमी भरते.

त्या मुलीला मी शाहू महाराजांचं दुसरं तिकीट दिलं, माझ्या वहीतलं. तिने ते लगेच लावलं नाही. आधी चारी बाजू छिद्रमापकावर सरकवल्या, रुंदी मोजली, भिंगातून कडा पाहिल्या, आणि मगच आपल्या पानावर ठेवलं.

कळावे. लोभ नसला तरी चालेल, पैसे परत करावेत.

आपला,
कोल्हापूरचा एक तिकीटसंग्राहक